जुन्या डिझेल गाडीचा ब्रीदर आणि एअर फिल्टर: दोष कसा शोधावा, बदल कोणते करावेत

टाटा सुमो, ट्रॅक्स, सुरुवातीची बोलेरो किंवा इंडिका यांपैकी एखादी गाडी अजून वापरात असेल, तर गॅरेजमध्ये कधी ना कधी हे वाक्य ऐकावे लागतेच: ‘ब्रीदर मारतोय, इंजिन काम आलंय.’ ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या आत साठणारा वायू बाहेर सोडणारी वाट. ऑइल भरायचे झाकण काढले, आतून धूर फुसफुसला आणि निकाल लागला. हा निकाल कधी बरोबर असतो, पण पुष्कळदा घाईचा असतो. ब्रीदरमधून वाफ येण्यामागे पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांखेरीज आणखी निदान पाच कारणे असू शकतात आणि त्यांतील बहुतेक रिंग-पिस्टन न बदलता निस्तरता येतात. दुसरीकडे याच गाड्यांच्या एअर फिल्टरवर पिकअपच्या आशेने नाना प्रयोग केले जातात. ही दोन कामे वेगवेगळी समजली जातात, पण ब्रीदर आणि एअर फिल्टर हे हवेच्या एकाच वाटेवर आहेत. एकाला हात लावला की दुसऱ्याचे गणित बदलते. म्हणून दोष शोधताना आणि बदल करताना दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो.

वाफ येते कुठून, जाते कुठे

जुन्या आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल आधी छोट्या उपकक्षात फवारणाऱ्या) डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन प्रमाण साधारण २० ते २३ पट असते. एवढ्या दाबाखाली नव्या इंजिनातही थोडा वायू रिंगांच्या फटींतून खाली चेंबरकडे, म्हणजे क्रँक आणि ऑइल असलेल्या भागाकडे, उतरतो; यालाच गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात जळलेला वायू, पाण्याची वाफ, काजळी आणि ऑइलचे बारीक तुषार असतात. हा वायू बाहेर गेला नाही, तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइल सील, टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग, डिपस्टिकची नळी, जिथे वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर पडू लागते.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या झडपेमुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि त्याच्या जोरावर पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधला वायू मॅनिफोल्डकडे सोडणारी झडप) चालतो. साध्या डिझेल इंजिनात थ्रॉटलच नसल्यामुळे असे ओढ घेणारे काही नसते. म्हणून जुन्या गाड्यांत दोन पद्धती दिसतात. पहिलीत ब्रीदरचा पाईप सरळ गाडीखाली उघडा सोडलेला असतो. दुसरीत टॅपेट कव्हरवरून निघालेला होज एअर क्लीनर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या पाईपला, म्हणजे फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, जोडलेला असतो. टर्बो इंजिनात ही जोडणी टर्बोच्या आधी असते. दुसऱ्या पद्धतीत ब्रीदरला ओढ मिळते ती फिल्टरच्या अडथळ्यामुळे निर्माण होणाऱ्या थोड्याशा व्हॅक्यूमची. फिल्टर चोक झाला की ही ओढ वाढते आणि ब्रीदरमधून ऑइल खेचले जाऊ लागते. उलट फिल्टर काढून टाकला, तर ओढ जवळजवळ संपते आणि चेंबरमधला दाब वाढतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या समजण्यासाठी एवढे ध्यानात असले तरी पुरते.

हात लावण्यापूर्वी

डिझेल इंजिनाला जळण्यासारखे काहीही हवेबरोबर मिळाले, तर ते जळते. मग ते इंजिन ऑइल का असेना. ब्रीदरमधून किंवा टर्बोच्या सीलमधून पुरेसे ऑइल मॅनिफोल्डमध्ये शिरले, की इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटते. चावी बंद करून उपयोग होत नाही, कारण चावी फक्त पंपाचे डिझेल तोडते. अशा वेळी इंजिन थांबवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे हवा तोडणे. त्यासाठी मॅनिफोल्डच्या तोंडावर नीट बसेल असा जाड प्लायवुडचा किंवा पत्र्याचा तुकडा काम सुरू करण्याआधीच हाताशी ठेवावा. तळहात किंवा चिंधी कधीही लावू नये. चिंधी आत खेचली जाते आणि हाताला गंभीर इजा होते. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे असेल, तर त्याचा झोत हवेच्या तोंडात सोडता येतो. गाडी मॅन्युअल गिअरची असल्यास वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडणे हा आणखी एक उपाय आहे. इंजिनाचा वेग भलताच वाढला असेल, तर बोनेटवर वाकून पाहत उभे राहू नये.

ज्यांच्या पंपाला न्यूमॅटिक गव्हर्नर असतो, अशा फार जुन्या इंजिनांच्या मालकांनी, उदाहरणार्थ मर्सिडीजच्या ओएम ६१५ आणि ६१६ मालिकेतील काही सुरुवातीच्या इंजिनांच्या बाबतीत, आणखी एक गोष्ट सांभाळावी. त्यांच्या हवेच्या वाटेत बटरफ्लाय (फिरणारी चकतीची झडप) असते आणि तिथला व्हॅक्यूमच पंपाला किती डिझेल द्यायचे ते सांगतो. तिथली नळी निघाली किंवा बटरफ्लायच्या पुढे हवा गळू लागली, तर रेस आपोआप वाढते. अशा इंजिनाच्या हवेच्या मार्गात फेरफार न करणेच बरे.

पहिली पायरी: डोळ्यांनी दिसते ते आधी

गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवून सकाळी डिपस्टिक पाहावी. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल, तर क्रँकचे फटकारे बसून ऑइलचा फेस होतो आणि तो ब्रीदरने बाहेर येतो. हा दोष इंजिनाचा नसून ऑइल भरणाऱ्याचा असतो. पातळी न भरताच वाढत असेल आणि ऑइल पातळ झाले असून त्याला डिझेलचा वास येत असेल, तर मेकॅनिकल फीड पंपाचा डायाफ्राम किंवा इंजेक्शन पंपाच्या शाफ्टचे सील गेलेले असण्याची शक्यता मोठी असते. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नये. यात बेअरिंगचे नुकसान तर होतेच, शिवाय वर सांगितलेल्या पळून सुटण्याच्या प्रकाराला हेच आमंत्रण असते.

त्यानंतर ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू पाहावी. तिथे ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट पांढरा थर दिसला, की अनेक मेकॅनिक लगेच हेड गॅस्केटकडे बोट दाखवतात. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत हा थर केवळ वाफेचाही असतो, कारण ऑइल पुरेसे तापतच नाही. रेडिएटरचे पाणी कमी होत नसेल, डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि तासभर हायवेवर चालवल्यावर थर नाहीसा होत असेल, तर हेडला हात लावण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: वाट मोकळी आहे का

ब्रीदरचा होज दोन्ही टोकांनी काढून उजेडाकडे धरावा आणि दाबून पाहावा. वर्षानुवर्षे ऑइल प्यायलेला रबर आतून सुजतो. बाहेरून ठीक दिसणाऱ्या होजचे छिद्र आत करंगळीही जाणार नाही इतके अरुंद झालेले असते. मऊ पडलेला होज गरम झाल्यावर बसून चिकटतो, हा दोष थंड इंजिनावर सापडत नाही. तो बदलताना ऑइल सहन करणारा नायट्राइल रबराचा, आतून कापडी वेटोळे असलेला होज मूळ व्यासाचाच घ्यावा. बागेची नळी किंवा पारदर्शक प्लॅस्टिक पाईप तिथे महिनाभरही टिकत नाही.

होजइतकेच महत्त्व टॅपेट कव्हरच्या आतल्या पत्र्याच्या आडोशाला असते. बहुतेक इंजिनांत तिथे तारेची जाळी किंवा वाटा वळवणारे पत्रे असतात, जेणेकरून तुषार त्यांवर आदळून खाली ठिबकावेत. काजळीने ही जाळी गच्च झाली, की वायू अडतो; ती सुटून पडली किंवा कोणी ‘उगाच अडथळा’ म्हणून काढून टाकली, तर ऑइल थेट होजमध्ये जाते. कव्हर उतरवून डिझेलमध्ये भिजवावे, ब्रशने घासावे, हवेने वाळवावे आणि नवे पॅकिंग लावूनच बसवावे. हे काम करणाराच बरेचदा जुने पॅकिंग सिलिकॉन थापून परत लावतो आणि आठवड्याने ऑइल गळू लागल्यावर दोष पुन्हा बॅक कॉम्प्रेशनला दिला जातो.

तिसरी पायरी: अंदाजाऐवजी माप

झाकण उलटे ठेवून ते किती उडते, यावरून इंजिनाचे आयुष्य सांगण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही. रॉकरच्या हालचालीनेही हवा ढकलली जाते आणि चांगल्या इंजिनाचे झाकणही थोडे थरथरते. त्यापेक्षा गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्यावी. सुमारे चार मीटर नळी इंग्रजी यू अक्षरासारखी एका फळीवर ठोकावी, प्रत्येक बाजू एक मीटर उंच ठेवावी, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे आणि मागे मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर रबराच्या तुकड्याने घट्ट बसवावे, दुसरे उघडे ठेवावे. दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे दाब. १० मिमी फरक म्हणजे जवळजवळ १ मिलिबार.

इंजिन पूर्ण गरम करून, सर्व झाकणे बसवून प्रथम आयडलला (रेस न देता) आणि मग सुमारे २५०० आरपीएमला माप घ्यावे. होज एअर क्लीनरच्या पाईपला जोडलेला असेल, तर आयडलला फरक शून्याच्या आसपास असतो आणि रेस वाढवल्यावर किंचित ओढ दिसते. धन दाब येत असेल आणि रेसबरोबर वाढत ५० मिमीच्या पुढे जात असेल, तर तपास पुढे न्यावा. हा आकडा कामचलाऊ आहे. गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये माप दिले असेल, तर तेच प्रमाण मानावे.

आता क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम होज एअर क्लीनरच्या बाजूने सोडवावा. दाब उतरला, तर अडथळा त्या पाईपच्या तोंडाशी होता. न उतरल्यास होज टॅपेट कव्हरच्या बाजूनेही काढावा. आता उतरला, तर होज खराब आहे. तरीही दाब टिकून राहिला, तर आतली जाळी बंद आहे किंवा वायू खरोखरच जास्त येत आहे. याउलट, सगळे जोडलेले असताना मोठी ओढ दिसली, झाकण काढताना चिकटल्यासारखे वाटले किंवा क्रँक सीलमधून शीळ ऐकू आली, तर रिंगांकडे न पाहता आधी चोक झालेला एअर फिल्टर बदलावा.

चौथी पायरी: रिंगांवर आरोप ठेवण्याआधी दोन संशयित

भारतातल्या बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरसाठी अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो. हा पंप ओढलेली हवा ऑइलच्या परतीच्या नळीतून चेंबरमध्येच सोडतो. बूस्टरचा डायाफ्राम फाटला, नळी चिरली किंवा चेक व्हॉल्व्ह गळू लागला, तर पंप बाहेरची हवा सतत आत ढकलत राहतो आणि ब्रीदर मारू लागतो. इंजिनाची काहीच चूक नसते. तपासणी सोपी आहे: गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असताना पंपाकडून बूस्टरकडे जाणारी नळी पंपाजवळच चिमट्याने दाबून बंद करावी. नळीतल्या पाण्याचा फरक एकदम घटला, तर गळती व्हॅक्यूमच्या बाजूला आहे. चिमटा काढल्याशिवाय गाडी हलवू नये, कारण बूस्टरविना ब्रेकचे पेडल दगडासारखे होते. ‘अलीकडे ब्रेक जड लागतो’ अशी मालकाची जोड तक्रार असेल, तर ही तपासणी सर्वांत आधी करावी.

दुसरा संशयित टर्बो. टर्बोचे ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये परत उतरते. चेंबरमध्ये दाब असेल, तर ते उतरत नाही, टर्बोच्या बेअरिंगमध्ये तुंबते आणि सीलमधून इंटेक किंवा सायलेन्सरकडे जाते. निळा धूर दिसतो, टर्बो बदलला जातो आणि नवा टर्बोही महिन्याभरात तसाच गळतो. म्हणून टर्बोच्या गळतीत चेंबरचा दाब आणि परतीची नळी तपासल्याखेरीज टर्बोचा खर्च करू नये. अर्थात टर्बोचे टर्बाइनकडचे सील खरेच गेले असेल, तर एक्झॉस्टचा वायू त्या वाटेने चेंबरमध्ये येऊन बॅक कॉम्प्रेशनचा भास होतो. शाफ्ट हाताने हलवून खेळ किती आहे ते पाहावे.

पाचवी पायरी: कॉम्प्रेशन

एवढे करूनही दाब कायम राहिला, तरच कॉम्प्रेशन मोजावे. गेज डिझेलचा, निदान ४० बारपर्यंतचा हवा. पेट्रोलचा गेज इथे फुटतो. इंजिन गरम असावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढावी आणि ग्लो प्लगच्या (थंड इंजिन तापवणाऱ्या प्लगच्या) किंवा इंजेक्टरच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरचे माप घ्यावे. चांगले माप किती, हे इंजिनागणिक बदलते, पण सिलिंडरांमधला फरक ३ ते ५ बारपेक्षा जास्त नसावा. चारही मापे सारखीच उतरली असतील, तर सार्वत्रिक झीज समजावी. एकच सिलिंडर पडला असेल, तर व्हॉल्व्ह, फुटलेली रिंग किंवा हेड गॅस्केट. पेट्रोल इंजिनात करतात तशी सिलिंडरमध्ये ऑइल ओतून पुन्हा मोजण्याची युक्ती डिझेलमध्ये करू नये. ज्वलनाची जागा इतकी लहान असते की, जास्तीचे ऑइल न दबल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

एअर फिल्टर: आधी आहे तो नीट

१९४८ सीसीचे सुमोचे इंजिन ४५०० आरपीएमला दर मिनिटाला साधारण ३७०० लिटर हवा ओढते. ऊसवाहतुकीच्या हंगामातला फुफाटा किंवा मुरमाच्या रस्त्यावरची धूळ या हवेतून येते आणि तिच्यातले वाळूचे अगदी बारीक कण रिंग आणि बोअर यांच्यामध्ये पॉलिश पेपरचे काम करतात. आज फिल्टरमधून गळलेली धूळ हीच दोन वर्षांनंतरचे बॅक कॉम्प्रेशन असते.

कागदी फिल्टर पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने जवळून आणि बाहेरून फुंकण्याची सवय फार बोकाळली आहे. त्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. फुंकायचाच असेल, तर आतून बाहेर, २ बारपेक्षा कमी दाबाने आणि नोझल वीतभर लांब धरून फुंकावा. मग अंधारात आत टॉर्च धरून फिरवावा. प्रकाशाचा एकही ठिपका दिसला, तर फिल्टर टाकून द्यावा. फिल्टर बसतो ती रबराची कड आणि झाकणाच्या क्लिपा यांकडेही लक्ष द्यावे. पाईपच्या आत, फिल्टरच्या पुढे बोट फिरवून धूळ लागली, तर फिल्टर कितीही महाग असला तरी कडेने गळत आहे, हे निश्चित.

जुन्या जीप आणि टेम्पोंवर ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे वाटीतल्या ऑइलमध्ये धूळ अडवणारा क्लीनर, असतो. त्यातले ऑइल खुणेपर्यंतच भरावे. थोडे जास्त भरले, तर ते घाटात किंवा खड्ड्यात मॅनिफोल्डमध्ये खेचले जाते आणि मग जे होते ते वर सांगितलेच आहे. तळाशी सेंटिमीटरभर चिखल साचला, की वाटी धुवून ऑइल बदलावे. वरच्या तारेच्या गुंडाळीला डिझेलने धुऊन पूर्ण निथळू द्यावे.

फिल्टरचा अडथळा मोजायला तीच पाण्याची नळी उपयोगी पडते: फिल्टरनंतरच्या पाईपला लहान छिद्र किंवा आधीचेच टोक असेल तिथे ती जोडावी. ट्रक-ट्रॅक्टरवरचे सूचक बहुधा ५०० ते ६३५ मिमी पाण्याच्या ओढीला लाल होतात; गाडीचा स्वच्छ फिल्टर याच्या बराच खाली असायला हवा. बिनटर्बोच्या डिझेलमध्ये थ्रॉटल नसल्याने गाडी उभी ठेवून पूर्ण रेसला घेतलेले माप जवळपास खरे असते. टर्बो गाडीत मात्र चढावर, लोडखाली मोजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

बदल: कोणते चालतील, कोणते मुळीच नकोत

सर्वांत घातक प्रकार म्हणजे ऑइल बाहेर येते म्हणून ब्रीदरच्या तोंडात बोल्ट ठोकणे. दाब कुठून तरी निघणारच. तो मागच्या क्रँक सीलमधून निघाला, तर ऑइल क्लच प्लेटवर येते आणि गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी येते. पेट्रोल गाडीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह डिझेलला बसवणेही व्यर्थ आहे, कारण तो चालवायला लागणारा व्हॅक्यूम इथे नसतो आणि तो नुसता अडथळा ठरतो.

होज एअर क्लीनरपासून काढून गाडीखाली सोडणे हा गॅरेजमधला आवडता उपाय आहे. त्याने मॅनिफोल्डमध्ये ऑइल जाणे थांबते, हे खरे. पण काढलेल्या होजच्या जागी पाईपला जे तोंड उरते, ते उघडेच राहिले, तर इंजिन त्यातून गाळणीविना धूळ ओढत राहते. एक जुनी बोलेरो मी अशी पाहिली आहे की, फिल्टर नवाकोरा, पण त्याच्या पुढच्या इंचभर भोकात प्लॅस्टिकची पिशवी कोंबून रबराने बांधलेली, आणि ती पिशवी अर्धी आत गेलेली. तोंड बंद करायचे, तर धातूची टोपी आणि क्लिप लावूनच करावे. शिवाय उघड्या पाईपचे टोक पाण्यात बुडणार नाही आणि एक्झॉस्टवर ठिबकणार नाही, अशा ठिकाणी न्यावे. धूर केबिनमध्ये येतो आणि रस्त्यावर ऑइल सांडते, ही दोन कारणे मला हा बदल नाकारायला पुरेशी वाटतात.

कोल्ड्रिंकची बाटली तारेने बांधून तिच्यात होज सोडलेला आपल्याकडे सर्रास दिसतो. बाटली गरमीने बसते, तिचे तोंड होजने गच्च भरले तर दाब अडतो आणि ती भरली हे कोणी पाहत नाही. तोच विचार नीट अमलात आणायचा असेल, तर कॅच कॅन बसवावा. अर्धा ते एक लिटरचा धातूचा डबा घ्यावा, त्याचे दोन्ही नोझल मूळ होजच्या व्यासापेक्षा लहान नसावेत आणि आत पत्र्याचे आडोसे किंवा घट्ट बसवलेली जाळी असावी. भांडी घासायची तारेची गुंडाळी सुटी कोंबू नये. तिचे तुकडे इंजिनात जातात. डबा एक्झॉस्टपासून दूर, बॉडीला पक्का बसवावा, होजला मध्ये झोळ पडू देऊ नये आणि बाहेर निघणारी नळी पुन्हा फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, मूळ तोंडालाच जोडावी. अशाने वायू जळून जातो, ऑइल डब्यात राहते आणि दाबाचे गणितही बिघडत नाही.

कोनसारख्या उघड्या फिल्टरबद्दल थोडक्यात: जुन्या डिझेलमध्ये पंप डिझेल मोजून देतो, म्हणून हवा थोडी वाढल्याने ताकद फारशी वाढत नाही, मूळ फिल्टर चोक असेल, तरच फरक जाणवतो आणि तो फरक नव्या मूळ फिल्टरनेही मिळाला असता. बोनेटखालची गरम हवा ओढली जाते, आवाज वाढतो आणि ऑइल लावलेल्या कापडी फिल्टरची धूळ अडवण्याची क्षमता चांगल्या कागदी फिल्टरपेक्षा सहसा कमीच असते. मूळ डबा ठेवून त्याचे तोंड बंपरमागच्या थंड हवेपर्यंत नेणे त्यापेक्षा शहाणपणाचे आहे. फक्त ते पावसाळ्यात पाण्याच्या पातळीच्या वर राहील, हे पाहावे.

पीयूसीच्या वेळी धूर कमी दिसावा म्हणून फिल्टर काढून ठेवण्याचा सल्लाही मिळतो. बीएस ४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा २.४५ प्रति मीटर, म्हणजे ६५ हार्ट्रिज एकक (धुराची दाटी मोजण्याचे एकक) आहे. फिल्टर लावून गाडी त्यात बसत नसेल, तर इंजेक्टर किंवा पंपाचे काम निघाले आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने घालते, तेव्हा पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला न्यायच्या गाडीत मूळ डबा आणि होज जपून ठेवलेले बरे.

बदल केल्यानंतर

नवा होज, नवा फिल्टर किंवा कॅच कॅन बसवल्यावर पाण्याची नळी पुन्हा लावून आयडल आणि २५०० आरपीएमची मापे घ्यावीत आणि ती तारीख व किलोमीटरसह डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहावीत. कॅन पहिल्यांदा ५०० किलोमीटरनंतर उघडावा. तळाशी थोडे काळे ऑइल आणि पावसाळ्यात थोडे पाणी असणे स्वाभाविक आहे. एवढ्या अंतरात कॅन अर्धा भरत असेल, तर पुन्हा डिपस्टिकपासून सुरुवात करून जाळी आणि व्हॅक्यूम पंप तपासावा. दोन्ही ठीक निघाले आणि कॉम्प्रेशनही पडलेले असेल, तर मात्र रिंग-पिस्टनचा खर्च टाळता येणार नाही. त्या वेळी बोअरबरोबर फिल्टरचा डबा, त्याची कड आणि स्वच्छ बाजूचा प्रत्येक जोडही तपासून घ्यावा. धूळ कुठून गेली ते न शोधता नव्या रिंगा टाकल्या, तर त्याही त्याच वाटेने जातात.